टर्मिनलमधील सीमारेषा : शेंगेन करार आणि युरोपचे विमानतळ

दोन शेजारी देशांनी एकमेकांच्या सीमेवरील पासपोर्ट तपासणी बंद करायचे ठरवले, तर रस्त्यावरच्या नाक्यावर आडवा दांडा वर उचलून पहारा काढून घेतला की काम भागते; विमानतळावर मात्र तेवढ्याने काहीच साधत नाही, कारण तेथे शेजारच्या देशातून आलेला प्रवासी आणि दूरच्या खंडातून आलेला प्रवासी एकाच छपराखाली, एकाच दालनात आणि पुष्कळदा एकाच बाकावर बसलेले असतात. पहिल्याला अडवायचे नाही आणि दुसऱ्याला तपासल्याशिवाय सोडायचे नाही असे ठरले, की दोघांना आधी वेगळे करावे लागते, म्हणजेच सीमा काढून टाकण्यासाठी इमारतीच्या आत एक नवी सीमा बांधावी लागते. 1985 ते 2025 या चाळीस वर्षांत युरोपातील विमानतळांवर हेच घडले, आणि सदस्य देशांमधील सीमांवरची तपासणी उठवणाऱ्या शेंगेन कराराच्या इतिहासात मंत्र्यांच्या सह्यांपेक्षा जिने, काचेच्या भिंती, कुलूपबंद दारे आणि विमानांची वेळापत्रके यांचा वाटा किती मोठा होता हे त्यातून दिसते.

या अडचणीचे मूळ हवाई प्रवासाच्या स्वरूपातच आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी रशिया आणि ऑटोमन साम्राज्य यांसारखे अपवाद वगळता युरोपात बहुतेक ठिकाणी पासपोर्टावाचून फिरता येत असे. युद्धकाळात लादलेली तपासणी युद्ध संपल्यावरही उठली नाही, आणि 1920 मध्ये राष्ट्रसंघाने पॅरिसला भरवलेल्या परिषदेने तर 32 पानांच्या पुस्तिकेचा नमुना ठरवून पासपोर्टाला कायमचे रूप दिले. त्याच दशकात प्रवासी विमानवाहतूक वाढू लागली आणि राज्यसंस्थेपुढे नवाच प्रश्न उभा राहिला. आगगाडीचा किंवा मोटारीचा प्रवासी सीमारेषेवरून जातो, म्हणून त्याला त्या रेषेवर थांबवता येते. विमानाचा प्रवासी ती रेषा हजारो फुटांवरून ओलांडतो आणि देशाच्या थेट मध्यभागी उतरतो. 7 डिसेंबर 1944 रोजी शिकागो येथे सहीसाठी मांडल्या गेलेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतुकीच्या करारनाम्याने यावर जे उत्तर दिले ते आजही जगभर पाळले जाते. त्याच्या दहाव्या अनुच्छेदानुसार परदेशातून आलेल्या विमानाने, संबंधित राज्याच्या नियमांनी तसे सांगितले असल्यास, सीमाशुल्क आणि इतर तपासणीसाठी नेमून दिलेल्या विमानतळावरच उतरले पाहिजे, आणि तेराव्या अनुच्छेदानुसार प्रवाशाने त्या देशाचे प्रवेशाचे, पासपोर्टाचे आणि सीमाशुल्काचे नियम पाळले पाहिजेत. परिणामी कायद्याच्या दृष्टीने सीमा नकाशावरून उचलली गेली आणि टर्मिनल इमारतीच्या एका दालनात आणून ठेवली गेली.

एकदा सीमा इमारतीत आली म्हटल्यावर ती इमारतीत नेमकी कोठे असावी, हा प्रश्न ओघानेच येतो. त्याचे सर्वांत धाडसी उत्तर महायुद्धानंतर लगेच फ्रान्स आणि स्वित्झर्लंड यांनी दिले. बाझल हे ऱ्हाइन नदीच्या वळणावर वसलेले स्विस शहर फ्रान्स आणि जर्मनी या दोन्ही देशांच्या सीमांना इतके टेकलेले आहे, की मोठ्या विमानतळासाठी लागणारी सपाट जमीन त्याच्या स्वतःच्या हद्दीत मिळणे दुरापास्त होते. बिर्सफेल्डन येथील श्टेर्नेनफेल्ड हे जुने विमानक्षेत्र अपुरे पडत होते आणि तेथे विस्ताराला वाव नव्हता. 1930 च्या दशकातच फ्रान्सच्या भूमीवर दोन्ही देशांसाठी एकच विमानतळ उभारण्याची बोलणी सुरू झाली होती. युद्धाने ती थांबवली, पण युद्ध संपताच त्यांना इतका वेग आला की 8 मार्च 1946 रोजी सुरू झालेले काम दोनच महिन्यांत, 8 मे रोजी, तात्पुरत्या धावपट्टीपर्यंत पोहोचले आणि विमाने उतरू लागली. त्याला वैध रूप देणारा करार बर्न येथे 4 जुलै 1949 रोजी झाला, म्हणजे विमानतळ आधी आणि करार तीन वर्षांनी असा क्रम लागला. शेजाऱ्यांचा परस्परांवर विश्वास असला की कागद मागाहून आला तरी चालतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण विमानवाहतुकीच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

या करारानुसार जमीन फ्रान्सने दिली, बांधकामाचा खर्च स्वित्झर्लंडच्या बाजूने झाला आणि कारभार दोन्ही देशांच्या समसमान सदस्यांच्या मंडळाकडे सोपवला गेला. संपूर्ण विमानतळ फ्रेंच भूमीवर असूनही टर्मिनलचे दोन विभाग पाडण्यात आले, एक फ्रेंच आणि एक स्विस, आणि स्विस विभागात स्वित्झर्लंडचे सीमाशुल्क अधिकारी व पोलीस आपल्या देशाच्या कायद्यानुसार काम करू लागले. त्या विभागातून बाझल शहराकडे जाणारा रस्ता दोन्ही बाजूंनी कुंपण घालून फ्रान्सच्या इतर भागापासून तोडलेला आहे. अशा रस्त्याला सीमाशुल्क मार्ग म्हणतात, कारण त्यावरून जाणारा प्रवासी भौगोलिक अर्थाने फ्रान्समध्ये असला तरी सीमाशुल्काच्या दृष्टीने फ्रान्समध्ये आलेलाच नसतो. अशा रीतीने एकाच धावपट्टीवर उतरलेला प्रवासी कोणत्या दारातून बाहेर पडतो यावर तो कोणत्या देशात पोहोचला हे ठरू लागले. पुढे जर्मनीतील फ्रायबुर्ग शहराचे नावही विमानतळाला जोडले गेले, आणि आज त्याला बाझल, म्युलूझ आणि दोघांसाठी सामाईक असे तीन वेगळे सांकेतिक कोड आहेत.

जिनिव्हाची स्थिती याच्या उलट होती. तेथे विमानतळ स्विस भूमीवर होता, पण जेट विमानांसाठी धावपट्टी लांबवायची तर ती फ्रान्सच्या हद्दीत शिरत होती. दोन्ही देशांनी जमिनींची अदलाबदल करून सीमारेषाच थोडी सरकवली, आणि 25 एप्रिल 1956 च्या करारान्वये जिनिव्हाच्या विमानतळावर फ्रान्ससाठी स्वतंत्र विभाग मान्य झाला, ज्याच्याकडे फ्रान्समधील फेर्ने-व्होल्तेर गावाहून सीमाशुल्क मार्गाने थेट येता येते. करारात यासाठी ‘शेजारी-शेजारी मांडलेली राष्ट्रीय तपासणी कार्यालये’ अशा अर्थाची संज्ञा वापरली आहे: दोन्ही देशांच्या चौक्या एकाच जागी, एकीला लागून दुसरी, जेणेकरून प्रवाशाने दोनदा थांबू नये. पॅरिसहून निघालेला प्रवासी या फ्रेंच विभागात उतरला तर त्याचा प्रवास देशांतर्गत मानला जाई, मग त्याचे विमान परदेशी भूमीवर का टेकलेले असेना.

बाझल आणि जिनिव्हा येथील व्यवस्थांनी तपासणी कमी केली नव्हती. ती फक्त नीट मांडली होती. तपासणीच उठवण्याचे प्रयोग दुसरीकडे चालले होते. ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यात आयर्लंडच्या स्वातंत्र्यापासून, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला आणि त्यानंतरच्या काही वर्षांतला खंड सोडला तर, पासपोर्टावाचून ये-जा चालत आली आहे. बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या तीन देशांनी 1960 मध्ये आपापसातील सीमांवरची माणसांची तपासणी बाहेरच्या सीमांवर नेली. सर्वांत पद्धतशीर काम उत्तरेकडील देशांनी केले. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड यांनी 1952 मध्ये आपल्या नागरिकांना पासपोर्टाच्या सक्तीतून मोकळे केले, आणि 12 जुलै 1957 रोजी कोपनहेगनला झालेल्या करारान्वये 1 मे 1958 पासून आपापसातील सीमांवरची पासपोर्ट तपासणीच बंद केली. 1960 च्या दशकात आइसलँडही त्यात आले. परकीय नागरिकाची तपासणी या गटातील ज्या देशात तो प्रथम पाऊल ठेवील त्या देशाने सर्वांच्या वतीने करायची, हे तत्त्व येथे पक्के झाले. शेंगेनचा पुढचा सारा डोलारा याच एका तत्त्वावर उभा आहे, आणि त्याचे श्रेय उत्तरेकडील देशांना जेवढे द्यायला हवे तेवढे सहसा दिले जात नाही.

मुख्य युरोपीय भूमीवर या विचाराला चालना मिळाली ती मात्र विमानतळांमुळे नव्हे, तर रस्त्यांवर खोळंबलेल्या ट्रकांमुळे. 1984 च्या फेब्रुवारीत इटलीच्या सीमाशुल्क कर्मचाऱ्यांच्या आंदोलनामुळे आल्प्समधील वाटांवर मालवाहू ट्रक अडकून पडले, चिडलेल्या फ्रेंच चालकांनी महामार्ग रोखले, आणि सीमेवरची दिरंगाई हा एकाएकी राजकीय प्रश्न झाला. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष फ्रान्स्वा मितराँ आणि जर्मनीचे चान्सलर हेल्मुट कोल यांनी त्यात लक्ष घातले, 13 जुलै 1984 रोजी दोन्ही देशांत झारब्र्युकेन येथे करार झाला, आणि वर्षभराने, 14 जून 1985 रोजी, लक्झेंबर्गमधील शेंगेन या द्राक्षमळ्यांच्या लहानशा गावाजवळ मोझेल नदीत उभ्या असलेल्या ‘प्रिन्सेस मारी-आस्त्रीद’ या नौकेवर फ्रान्स, पश्चिम जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या पाच देशांच्या प्रतिनिधींनी शेंगेन करारावर सह्या केल्या. फ्रान्स, जर्मनी आणि लक्झेंबर्ग यांच्या सीमा जेथे मिळतात ती ही जागा आहे. या पहिल्या कराराचा भर रस्त्यांवर होता: खासगी गाड्यांनी वेग कमी करून नाक्यावरून जावे, पुढच्या काचेवर किमान आठ सेंटिमीटर व्यासाची हिरवी चकती लावावी, आणि अधिकाऱ्यांनी नुसत्या नजरेने पाहून त्यांना जाऊ द्यावे. विमानप्रवाशाच्या काचेवर अशी चकती लावता येत नव्हती, आणि त्याच्याकडे नुसते पाहून तो कोठून आला हे कळण्याचीही सोय नव्हती.

तो प्रश्न सोडवला 19 जून 1990 रोजी सह्या झालेल्या अंमलबजावणीच्या करारनाम्याने. त्याचा मसुदा आदल्या वर्षअखेरीलाच सहीसाठी तयार होत होता, परंतु नोव्हेंबर 1989 मध्ये बर्लिनची भिंत पडल्यामुळे जर्मनीची पूर्व सीमा नेमकी कोणती हेच अनिश्चित झाले आणि सह्या पुढे गेल्या. करारनाम्याच्या पहिल्याच अनुच्छेदात व्याख्या येतात. अंतर्गत सीमा म्हणजे सदस्य देशांमधील सामाईक भूसीमा, तसेच त्यांचे अंतर्गत उड्डाणांसाठीचे विमानतळ; आणि अंतर्गत उड्डाण म्हणजे फक्त सदस्य देशांच्या प्रदेशातून निघणारे वा तेथेच जाणारे, मध्ये तिसऱ्या देशात न उतरणारे उड्डाण. या व्याख्येमुळे एकच विमानतळ एकाच वेळी अंतर्गत सीमाही ठरला आणि बाह्य सीमाही. मग चौथा अनुच्छेद या दोन सीमांना इमारतीत वेगळे करतो: बाहेरच्या देशातून आलेला आणि अंतर्गत उड्डाण पकडणारा प्रवासी ज्या विमानतळावर प्रथम उतरला तेथे तपासला जाईल, आणि अंतर्गत उड्डाणाने येऊन बाहेरच्या देशाकडे निघालेला प्रवासी ज्या विमानतळावरून तो शेवटचा निघेल तेथे तपासला जाईल.

याच अनुच्छेदाच्या चौथ्या परिच्छेदात एक तरतूद आहे, जिच्याकडे कायद्याच्या अभ्यासकांपेक्षा वास्तुरचनाकारांनी अधिक लक्ष दिले असेल. पहिल्या परिच्छेदात दिलेल्या मुदतीपर्यंत, म्हणजे 1993 पर्यंत, अंतर्गत सीमेच्या व्याख्येला अपवाद म्हणून, विमानतळ हे अंतर्गत उड्डाणांसाठीही बाह्य सीमाच मानले जातील, असे ती म्हणते. सार्वभौम राष्ट्रांच्या करारात एका मोठ्या स्वातंत्र्याला अशी मुदत घातलेली आहे, आणि ते योग्यच होते, कारण भिंत बांधून होण्याआधी तपासणी उठवली असती तर न्यूयॉर्कहून वा नैरोबीहून आलेला प्रवासी ब्रुसेल्सहून आलेल्यांच्या घोळक्यातून सहज बाहेर पडला असता आणि बाह्य सीमा कागदावरच राहिली असती.

हे बांधकाम कोठे किती अवघड होते, हे त्या देशात देशांतर्गत उड्डाणे किती होती यावर ठरत होते. जर्मनी, फ्रान्स आणि स्पेन यांच्या मोठ्या विमानतळांवर देशांतर्गत प्रवाशांसाठी पासपोर्ट तपासणीच्या अलीकडची दालने आधीपासून होती. शेजाऱ्यांची उड्डाणे त्या दालनांत हलवली की पॅरिस ते फ्रँकफर्ट हा प्रवास व्यवहारात हॅम्बुर्ग ते फ्रँकफर्ट यासारखाच झाला. याउलट नेदरलँड्ससारख्या लहान देशात देशांतर्गत विमानप्रवास नगण्य होता, म्हणून अ‍ॅमस्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळावर जवळजवळ प्रत्येकच प्रवासी आंतरराष्ट्रीय होता. 1967 मध्ये उघडलेल्या तेथील टर्मिनलची सारी कल्पना एकाच छपराखाली सर्वांना सामावण्याची होती: पासपोर्ट तपासणी ओलांडली की पुढे एक मोठे सामाईक दालन, त्यातून बोटांसारख्या पसरलेल्या लांब मार्गिका, आणि त्यांच्या कडेने विमानांची गेट. एका विमानातून उतरून दुसऱ्यात बसणाऱ्यांना ही रचना अतिशय सोयीची होती आणि स्खिपोलची भरभराट बरीचशी अशाच प्रवाशांवर झाली होती. शेंगेनने नेमके या सामाईक दालनाचेच दोन भाग करायला लावले. आज तेथे ‘बी’ आणि ‘सी’ या मार्गिका शेंगेन उड्डाणांसाठी, ‘ई’, ‘एफ’, ‘जी’ या बाहेरच्या उड्डाणांसाठी आहेत, तर ‘डी’ मार्गिकेला दोन मजले आहेत. खालून शेंगेनबाहेरचे प्रवासी जातात, वरून शेंगेनचे, आणि विमान तेच असले तरी त्याच्याशी जोडणारे दार त्या वेळी कोणत्या मजल्यावर उघडले जाते यावर ते विमान कायद्याने कोणत्या सीमेवर उभे आहे हे ठरते.

मजल्यांची ही युक्ती पुढे सर्वत्र रूढ झाली. एक विमान सकाळी रोमहून येते आणि दुपारी इस्तंबूलला जाते. त्याला प्रत्येक वेळी टर्मिनलच्या दुसऱ्या टोकाच्या गेटकडे ओढून नेणे परवडत नाही, म्हणून एकाच गेटला दोन वाटा द्यायच्या आणि गरजेप्रमाणे एक कुलूपबंद करून दुसरी उघडायची, असा तो मार्ग आहे. म्युनिकच्या 2003 मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टर्मिनलमध्ये चौथी पातळी शेंगेनसाठी आणि पाचवी बाहेरच्यांसाठी अशी मांडणी मुळातच केलेली आहे. फ्रँकफर्टला ‘ए’ गेटांच्या वर ‘झेड’ गेट आहेत. प्राग शहराने 2006 मध्ये दुसरे टर्मिनल उघडले आणि शेंगेनची उड्डाणे तेथे नेली, पहिले बाहेरच्यांकडे ठेवले. बुडापेस्टला एकाच टर्मिनलच्या ‘2 ए’ आणि ‘2 बी’ या भागांत हीच वाटणी झाली. उत्तर अमेरिका आणि युरोप यांच्यामधील थांबा म्हणून वाढलेल्या आइसलँडच्या केफ्लाविक विमानतळाला तर शेंगेनमध्ये जाण्यासाठी टर्मिनलला नवी दक्षिण इमारत जोडावी लागली, कारण अमेरिकेहून येऊन पॅरिसला जाणाऱ्या प्रत्येकाची युरोपीय सीमा आता आइसलँडमध्ये येणार होती.

करारनाम्याची अंमलबजावणी अपेक्षेपेक्षा बरीच लांबली. मजकुरात 1993 हे वर्ष होते. पण बाह्य सीमेवरच्या अधिकाऱ्याला इतर सर्व देशांनी नोंदवलेली नावे पाहता यावीत यासाठीची शेंगेन माहिती प्रणाली, जिचा मध्यवर्ती संगणक स्ट्रासबुर्ग येथे ठेवला होता, वेळेवर चालेना, आणि 1994 च्या फेब्रुवारीत ठरलेला मुहूर्तही हुकला. अखेर 22 डिसेंबर 1994 रोजी बॉन येथील बैठकीत दिनांक पक्का झाला आणि 26 मार्च 1995 रोजी बेल्जियम, फ्रान्स, जर्मनी, लक्झेंबर्ग, नेदरलँड्स, पोर्तुगाल आणि स्पेन या सात देशांत नवी व्यवस्था लागू झाली. फ्रान्सने मात्र अमली पदार्थांचे कारण देऊन उत्तरेकडील भूसीमांवरची तपासणी त्यानंतरही चालू ठेवली.

26 मार्च 1995 हा मार्चमधला शेवटचा रविवार होता, आणि हा योगायोग नाही. विमान कंपन्यांचे उन्हाळी वेळापत्रक दरवर्षी मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सुरू होते. त्या एका रात्रीत उड्डाणांच्या वेळा आणि गेटांची वाटणी नाहीतरी नव्याने होतच असते, म्हणून कोणते उड्डाण कोणत्या दालनातून जायचे हा बदलही त्याच रात्री करणे सोयीचे असते. इटलीची विमानतळावरील तपासणी 26 ऑक्टोबर 1997 रोजी उठली, भूसीमेवरची 1 एप्रिल 1998 रोजी; ग्रीसच्या विमानतळांसाठी 26 मार्च 2000 हा दिवस ठरला; उत्तरेकडील पाचही देश 25 मार्च 2001 रोजी आले. 2007 मध्ये पोलंड, हंगेरी, चेक प्रजासत्ताक आणि इतर सहा देशांच्या भू आणि सागरी सीमा नाताळच्या तोंडावर, 21 डिसेंबरला, मोठ्या समारंभाने उघडल्या, पण विमानतळांना 30 मार्च 2008 च्या रविवारपर्यंत थांबावे लागले. क्रोएशियाचे असेच झाले: रस्ते 1 जानेवारी 2023 रोजी, विमानतळ 26 मार्च रोजी. युरोपच्या राजकीय इतिहासातील या तारखा ओळीने मांडल्या, की त्या मंत्रिमंडळांनी निवडल्यासारख्या वाटत नाहीत, विमानतळाच्या वेळापत्रक कचेरीने निवडल्यासारख्या वाटतात.

या सगळ्या वाटणीत प्रवाशांचा सर्वाधिक गोंधळ उडाला तो पासपोर्ट आणि सीमाशुल्क यांच्या रेषा एकमेकींवर बसत नसल्यामुळे. युरोपीय समुदायाने 1 जानेवारी 1993 पासून आपल्या सदस्य देशांमधील उड्डाणांवर सामानाची सीमाशुल्क तपासणी बंद केली आणि अशा सामानाला हिरव्या कडांची चिठ्ठी लावण्याची पद्धत आणली. पण समुदायाचे सदस्य आणि शेंगेनचे सदस्य हे दोन गट एकच नव्हते. लंडनहून पॅरिसला जाणाऱ्याचा पासपोर्ट पाहिला जाई, पेटी उघडली जात नसे. स्वित्झर्लंडचे चित्र अगदी उलटे झाले. तेथील मतदारांनी 5 जून 2005 च्या सार्वमतात शेंगेनला कौल दिला, 12 डिसेंबर 2008 रोजी भूसीमांवरची आणि 29 मार्च 2009 रोजी विमानतळांवरची पासपोर्ट तपासणी उठली, मात्र देश सीमाशुल्क संघाबाहेरच राहिला. म्हणून झ्युरिकला उतरणाऱ्या जर्मन प्रवाशाचा पासपोर्ट कोणी मागत नाही, पण त्याची पेटी तपासली जाऊ शकते. बाझलच्या विमानतळावर म्हणूनच बाहेर पडण्याचे दोन मार्ग अजून वेगळे आहेत: 1949 च्या करारातील पासपोर्टाची भिंत तेथे शेंगेनने निरर्थक केली, सीमाशुल्काची तशीच राहिली. यात 1 जुलै 1999 पासून युरोपीय संघातील प्रवासावर करमुक्त दुकानांची सवलत बंद झाली, म्हणजे त्याच दालनांत दुकानदारांसाठी तिसरी रेषा ओढली गेली.

2006 च्या शेंगेन सीमा संहितेने ही जबाबदारी कायद्यात स्पष्ट घातली. अंतर्गत उड्डाणांचे प्रवासी आणि इतर प्रवासी यांचे लोंढे प्रत्यक्ष भिंतींनी वेगळे ठेवण्याची व्यवस्था विमानतळ चालवणाऱ्याने करावी, हे पाहणे सदस्य राष्ट्रांवर बंधनकारक झाले. शेंगेनमुळे काही देशांच्या बाबतीत एक विलक्षण स्थिती निर्माण झाली. शेंगेन गाव ज्या देशात आहे त्या लक्झेंबर्गला चारी बाजूंनी फ्रान्स, जर्मनी आणि बेल्जियम यांनी वेढलेले आहे, म्हणून त्या संपूर्ण देशाची बाह्य सीमा आता फक्त त्याच्या फिंडेल विमानतळावर उरली आहे. चेक प्रजासत्ताकालाही भूमीवर कोठेच बाह्य सीमा नाही.

सीमा अशी इमारतीत कोंडल्यावर तिच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाचे काय, हा प्रश्न या इतिहासात टाळता येत नाही. विमान आणि पासपोर्ट चौकी यांच्यामधल्या जागेला विमानतळांवर आंतरराष्ट्रीय क्षेत्र म्हणण्याची रीत होती, आणि तेथे असलेला माणूस देशात आलेलाच नाही, म्हणून त्याला देशाचे कायदेशीर संरक्षण नाही, असा युक्तिवाद सरकारे करीत. मार्च 1992 मध्ये सोमालियातून सीरियामार्गे आलेल्या चार भावंडांना पॅरिसच्या ओर्ली विमानतळावर वीस दिवस अडकवून परत पाठवण्यात आले. ते प्रकरण स्ट्रासबुर्ग येथील युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेले, आणि 25 जून 1996 च्या निकालात न्यायालयाने नाव काहीही असले तरी हे क्षेत्र फ्रान्सच्या कायद्याबाहेर नाही आणि तेथे अडकवून ठेवणे ही स्वातंत्र्याची हिरावणूकच आहे, असे ठरवले. हा निकाल शेंगेनच्या इतिहासात करारनाम्याच्या बरोबरीने मांडला गेला पाहिजे, कारण अंतर्गत मोकळीक जितकी वाढली तितका बाहेरच्या चौकीवरचा दाब वाढला, आणि तो दाब झेलणारी माणसे करारावर सह्या करणाऱ्यांपैकी नव्हती.

भारतीय प्रवाशाची गाठ या व्यवस्थेशी नेमकी येथे पडते. मुंबईहून फ्रँकफर्टमार्गे व्हिएन्नाला जाणाऱ्याची युरोपीय सीमा व्हिएन्नात नसून फ्रँकफर्टमध्ये असते. तेथे एकदा तपासणी झाली की पुढचे विमान तो जर्मन नागरिकासारखाच विनातपासणी पकडतो आणि व्हिएन्नात थेट बाहेर पडतो. त्याला दोन विमानांच्या मध्ये लागणारा वेळ म्हणूनच फ्रँकफर्टच्या चौकीवरील रांगेवर ठरतो. उलट ज्याला फ्रँकफर्टहून न्यूयॉर्कला जायचे आहे तो ‘झेड’ पातळीवरच राहतो आणि शेंगेनमध्ये शिरतच नाही, तरीही जर्मनीने अनेक वर्षे भारतीय पासपोर्टधारकांना विमानतळ संक्रमण व्हिसा लागू ठेवला होता, म्हणजे देशात न शिरता केवळ विमान बदलण्यासाठीही परवानगी घ्यावी लागे, ज्यांच्याकडे अमेरिका वा तत्सम देशाचा वैध व्हिसा असेल त्यांना त्यातून सूट असे.

12 ऑक्टोबर 2025 पासून बाह्य सीमांवर युरोपीय संघाबाहेरील अल्पकालीन प्रवाशांच्या बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची प्रतिमा घेणारी नवी प्रवेश-निर्गम नोंद प्रणाली टप्प्याटप्प्याने सुरू झाली, आणि पासपोर्टावरील शिक्का तिच्यामुळे मागे पडत चालला आहे. तिच्या यंत्रांना पासपोर्ट चौकीच्या अलीकडे जागा हवी होती, म्हणून दालनांची मोजमापे पुन्हा एकदा बदलावी लागली.

मधल्या काळात विमानतळ आणि भूसीमा यांचा क्रमही उलटा झाला. 1990 च्या करारनाम्याने ज्या विमानतळांना ठरावीक मुदतीपर्यंत अपवाद म्हणून मागे ठेवले होते, ते पुढे सर्वांत आधी मोकळे करण्याजोगे ठिकाण ठरले, कारण भिंती आता उभ्या होत्या आणि इमारतीतून जाणाऱ्यांवर लक्ष ठेवणे डोंगर-नद्यांच्या सीमेपेक्षा सोपे होते. 2007 मध्ये युरोपीय संघात आलेल्या बल्गेरिया आणि रोमानिया यांना शेंगेनसाठी अनेक वर्षे थोपवून धरले गेले. शेवटी ऑस्ट्रियाने भूसीमांवरचा आपला विरोध कायम ठेवून विमानतळ आणि बंदरांपुरती संमती दिली. त्यामुळे 31 मार्च 2024 च्या रविवारपासून बुखारेस्टहून व्हिएन्नाला विमानाने जाणाऱ्याला कोणी अडवीनासे झाले, पण त्याच दोन देशांमधून हंगेरीकडे वा ग्रीसकडे निघालेले मालवाहू ट्रक नाक्यांवर रांगेतच उभे राहिले, आणि त्यांची तपासणी 1 जानेवारी 2025 रोजी उठली.